जागा बदलणारी जड बाजू

माझा धंदा नक्की काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही. लग्नाच्या बोलणीत आमच्या मामांनी "मुलगा मशिनांचे हादरे मोजतो" असं मोठ्या झोकात सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मोजून काय करतो?" मामा म्हणाले, "कमी करतो." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग मोजत कशाला बसायचं? सरळ कमी करावेत." या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मुलगी दिली, ती बहुधा चौलला आमची नारळाची वाडी होती म्हणून.

जे जे गरगर फिरतं ते ते हादरतं, एवढं कळलं तरी या धंद्याचं अर्धं शास्त्र आलं. घरातला पंखा डुगडुगतो ना, तसंच. फिरणाऱ्या वस्तूचं वजन एका बाजूला जरा जास्त असलं की ती बाजू प्रत्येक फेऱ्यात बाहेर ओढ घेते आणि सगळं मशीन तिच्यामागे ओढलं जातं. माझ्या पेटीत एक लिंबाएवढा सेन्सर असतो. तो लोहचुंबकाने मशिनाला चिकटवायचा. हादरा किती आणि जड बाजू कोणती, हे पडद्यावर दिसतं. मग जड बाजूच्या बरोबर समोर एक छोटासा वायसर लावायचा, की मशीन गप्प. बघणाऱ्याला यात काही दम वाटत नाही. बोटाच्या पेराएवढ्या वायसरसाठी हा माणूस चौलहून मोटारसायकलवर येतो आणि वर दोनदा चहा पितो, असं लोकांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

म्हसळ्याला मुकादमचाचांची भाताची गिरण होती. तिथला कोंडा उडवणारा पंखा इतका हादरायचा की चाचांनी तो नायलॉनच्या दोराने भिंतीतल्या खांबाला करकचून बांधला होता. मला म्हणाले, "बांधून टाकलीय साहेब, आता इन्शाल्ला जायची नाही कुठं." मशीन कुठे गेलं नव्हतं, पण आता भिंतही हादरायला लागली होती आणि पलीकडच्या खोलीतली त्यांची सून भांडी मांडणीवर ठेवायची सोडून जमिनीवर ठेवत होती. मी पंखा उघडला. एका पात्यावर ओल्या कोंड्याचा भाकरीएवढा थर बसला होता. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढला आणि पंखा शांत झाला. चाचांचा चेहरा पडला. काहीतरी मोडलेलं निघावं, नवं काहीतरी बसवावं, अशी त्यांची अपेक्षा होती. निव्वळ घाण काढून बरं होणारं दुखणं कुणालाच आवडत नाही.

पण मला सांगायचं आहे ते दामू म्हात्र्याच्या काळ्या शाफ्टबद्दल.

आमच्याकडे खाडीकाठी रसायनांचा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही, कारण निवृत्त झालो असं मी म्हणत असलो तरी तिथे अजून बोलावतात. तिथे कूलिंग टॉवर आहे. कारखान्यातून तापून आलेलं पाणी उंचावरून खाली सोडायचं आणि वरून एका अजस्र पंख्याने हवा खेचून ते थंड करायचं, असा तो कारभार. पंखा मधोमध, खाली गिअरबॉक्स. आत सतत वाफ आणि ओल, म्हणून मोटर बाहेर कडेला. आणि मोटरपासून गिअरबॉक्सपर्यंत फिरणारा एक लांबलचक दांडा. तोच शाफ्ट.

टॉवरचा राजा म्हणजे हेड फिटर दामू म्हात्रे. खाडीपलीकडचा आगरी. बापाचं मिठागर होतं, चुलत्यांच्या होड्या होत्या. हा मात्र तरुणपणी कारखान्यात शिरला, आणि टॉवर बांधला जात होता तेव्हापासून त्याच्याच अंगाखांद्यावर वाढला. मी त्याला दामूदादा म्हणायचो, तो मला राऊतभाऊ. मशिनांशी तो माणसांशी बोलावं तसं बोलायचा आणि माणसांशी फारसा बोलायचाच नाही.

जुने शाफ्ट लोखंडी होते. एवढा लांब लोखंडी दांडा स्वतःच्याच वजनाने मध्ये झुकतो, म्हणून तो दोन तुकड्यांत करून मध्ये एक बेअरिंग द्यावं लागतं. ते बेअरिंग ओलीत सडतं. सडलं की शाफ्ट उतरवायचा. त्याला सहा माणसं आणि साखळीची चेनपुली लागायची, आणि होडी वर ओढताना देतात तशी आरोळी देत सगळे भिडायचे. सगळ्यांत पुढे दामूदादा. असं वर्षानुवर्षं केल्यावर कंबरेचं व्हायचं तेच झालं. पण त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं ते असं, की एकदा त्याच्या हातून पाना खाली पडला. तो बराच वेळ त्या पान्याकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "राऊतभाऊ, तो पाना जरा द्या. मी इचार करतोय." शर्टाखाली कंबरेला रुंद पट्टा आवळलेला मला तेव्हा दिसला.

कार्बनचा शाफ्ट लावून बघा, असं कारखान्याला मीच सुचवलं. हे प्रकरण विमानात असतं, मोठ्या गाड्यांत असतं, आणि आता कूलिंग टॉवरपर्यंत पोचलं आहे. वजनाने हलका, झुकत नाही, मधलं बेअरिंग लागत नाही, गंजायचा प्रश्नच नाही. शिवाय हादरा तो स्वतःच्या अंगात जिरवतो. दामूदादाने खोका उघडल्या उघडल्या त्या काळ्या नळीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. लोखंडी नळी घणघणते, ही नुसती 'थप्प' म्हणाली.

"बोलत न्हाय हा," तो नाराजीने म्हणाला.

म्हटलं, "दादा, देवळातली घंटा वाजवून तिच्यावर हात ठेवला की नाद थांबतो ना? या शाफ्टच्या अंगातच तसे हात आहेत. त्याला आम्ही डॅम्पिंग म्हणतो."

इथे खरं तर एक ग्यानबाची मेख आहे. प्रत्येक शाफ्टचा एक ठरलेला वेग असतो, त्या वेगाला त्याच्या अंगात येतं. त्याच्या खालीच फिरवला तर हे आतलं डॅम्पिंग पाठीशी उभं राहतं. पण त्या वेगापलीकडे नेला तर तेच डॅम्पिंग उलटतं आणि हादरा शांत करायचं सोडून त्यालाच चेव आणतं. शिवाय शाफ्ट हलका असल्यामुळे चिमूटभर वजन इकडचं तिकडे झालं तरी त्याला सोसत नाही. लोखंडाला त्याची खबरही लागत नाही. हे सगळं मी दामूदादाला सांगायला हवं होतं. पण मला सोपं करून सांगायची खोड आहे. तो म्हणाला, "बनवत्यात कशापासनं?" मी म्हटलं, "बारीक काळे धागे राळेत भिजवून गुंडाळतात आणि भट्टीत भाजतात."

"धागा आनि राळ?" त्याचा चेहरा उजळला. "म्हंजी आमच्या होडीसारकंच की. फळ्यांच्या फटीत आमी बी धागा आनि राळच भरतो."

"तसंच समजा," मी म्हटलं.

कारखान्यातले देखभालीचे मॅनेजर वानखेडे साहेब मूळचे अमरावतीचे. माणूस सरळ आणि कमालीचा सावध. आमच्या किनाऱ्यावरची दमट हवा, घाम आणि मासळी या तिन्ही गोष्टी त्यांनी बदलीच्या ऑर्डरचा भाग म्हणून स्वीकारल्या होत्या, मनापासून एकही नाही. ते म्हणाले, "राऊत, एका पंख्याला लावून पाहू. पावसाळ्याआधीपर्यंत नीट चालला तर बाकीच्यांनाही लावू. नाही तर लोखंडी परत. मला इथं प्रयोगशाळा नाही चालवायची."

शाफ्ट बसवला, पंखा पाण्यासारखा फिरायला लागला आणि आम्ही दोघं वरच्या फळीवर चहा पीत बसलो. तेव्हा दामूदादाने मनातलं बोलून टाकलं.

"भाऊ, लोखंडी परत आला ना, तर मना गेटवर बसवतील. डाक्टर माझ्या चालन्याकडं बघाया लागलाय. गेटवर बसून काय करू? येनाऱ्या-जानाऱ्याला सलाम?" मग पंख्याकडे बघत म्हणाला, "हा टॉवर उबा ऱ्हाताना मी बघितलाय. हा काळा टिकला, तर मी बी हितं टिकलो."

"टिकेल, दादा."

"टिकल म्हंजी? मी बघतो कसा टिकत न्हाय तो."

हे वाक्य मी भावनेच्या भरातलं समजलो. ती योजना होती.

पहिले काही आठवडे छान गेले. मग एका सोमवारी वानखेडे साहेबांचा फोन आला, पंखा हादरतोय. गेलो, जड बाजू शोधली, समोर वायसर लावला, गप्प केला आणि चहा पिऊन परत आलो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी जड बाजू नेमकी माझ्या वायसरच्या बाजूला निघाली. आपलंच चुकलं असेल असं म्हणून वायसर काढून दुसरीकडे लावला. पुढच्या सोमवारी जड बाजू तिसरीकडेच. असं मी माझ्या हयातीत पाहिलं नव्हतं. शाफ्टची जड बाजू म्हणजे माणसाच्या गालावरचा तीळ, तो रोज उठून जागा बदलत नाही. इथे बदलत होता. बदलता बदलता शाफ्टच्या कडेला माझ्या वायसरांची माळ तयार झाली.

पेटीच बिघडली की काय म्हणून मी ती घरी आणून आमच्या मिक्सरला लावून बघितली. बायकोने खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली होती. "मिक्सर ठणठणीत आहे," मी सांगितलं. "ते मला माहीत आहे, बाजूला व्हा," ती म्हणाली. पेटीही ठणठणीत होती.

वानखेडे साहेबांनी मग स्वतः सूत्रं हातात घेतली. हादरे मोजायचं एक अ‍ॅप त्यांनी मोबाइलवर उतरवलं आणि मोबाइल मोटरवर ठेवून हाताची घडी घालून उभे राहिले. "आता दूध का दूध होते पाहा," म्हणाले. मोबाइल हादऱ्यांनी सरकत सरकत कडेला गेला आणि आम्ही हात पुढे करायच्या आत खालच्या हौदात पडला. हादरे फार आहेत याचा याहून चांगला पुरावा मला माझ्या पेटीतूनही देता आला नसता, पण ती वेळ हे बोलायची नव्हती.

कंत्राटी पोरांचं मत पडलं की जागेवाला, म्हणजे त्या जागेचा राखणदार देव, रागावलाय. वर्षानुवर्षं लोखंड होतं, तिथे ही काळी नळी त्याला न विचारता आणली. नारळ द्यायचं ठरलं. वानखेडे साहेबांनी परवानगी दिली, पण टॉवरवर कोणतंही काम परमिटशिवाय करायचं नाही हा नियम त्यांनी जागेवाल्यासाठीही मोडला नाही. कामाचं स्वरूप, नारळ फोडणे. हत्यार, कोयता. धोका, करवंटी उडून डोळ्याला लागणे. खबरदारी, चष्मा आणि हेल्मेट. दामूदादाने हेल्मेट घालून नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाला, "देवा म्हाराजा, ह्याची काय चूक आसंल तर पोटात घाल. परका हाय तो, आपल्याकडचं त्याला काय म्हाईत न्हाय." तो संपूर्ण दिवस पंखा हादरला नाही. मी पेटी बंद करून खाली मान घालून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

याच सुमाराला टॉवरवर मांजरं दिसायला लागली. आधी एक बोका, मग त्याचं खानदान. मोटरच्या बाजूला पाय पोटाशी घेऊन बसायची आणि शाफ्टवरच्या जाळीकडे एकटक बघायची. मला वाटलं, उबेला येत असतील. मोटर गरम असते.

शेवटी एका शनिवारी, सकाळभर शाफ्टच्या टोकाशी झटून झाल्यावर, वानखेडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले नव्हते, दमले होते. "राऊत, तुमच्यावर विश्वास होता म्हणून एवढे दिवस थांबलो. सोमवारी सकाळी हा काढतो अन् लोखंडी परत लावतो. उद्या पंखा तुटला तर मी वर काय सांगू?" त्यांचं काही चुकत नव्हतं. बाहेर आलो तर दामूदादा दारातच उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. "सोमवारी?" एवढंच त्याने विचारलं. मी मान हलवली. तो टॉवरकडे निघून गेला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. ज्या कामासाठी लोक मला दहा गावांतून बोलावतात, ते मला एका मित्रासाठी जमत नव्हतं.

घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"कुणाची होडी घासून आलात?"

"कसली होडी?"

"मुशी माशाचं तेल आहे हे. राळ घालून उकळलेलं." तिचं माहेर थेट खाडीवरचं, वडिलांच्या दोन होड्या होत्या. "माझ्या बाबांच्या अंगाला बारा महिने हाच वास. होडीच्या लाकडाला खारं पाणी लागू नये म्हणून लावतात."

मी बाही नाकाला लावली. मला काहीच आलं नाही. रसायनांच्या कारखान्यांत जन्म गेला की माणसाचं नाक पेन्शनीत निघतं. मला अलीकडे सोनचाफ्याचाही वास येत नाही, आणि याचं वाईट वाटतं. पण अंगणात बघितलं तर शेजाऱ्यांची मांजर माझ्या मोटारसायकलच्या सीटवर चढून माझी अवजारांची पिशवी चाटत होती.

मी तिथेच पायरीवर बसलो. धागा आणि राळ. होडीसारखंच. तसंच समजा.

सोमवारी वानखेडे साहेबांच्या आधी कारखाना गाठला. पंखा थांबवलेला होता. कंत्राटी पोरं लोखंडी शाफ्ट आणायला स्टोअरकडे गेली होती. दामूदादा वर एकटाच काळ्या शाफ्टपाशी बसला होता.

"दादा, याला तेल घालत होतात?"

"व्हय," तो सहज म्हणाला. "दर शनिवारी, पंका थांबला का. हादराया लागल्यावं मधी बी दोन-तीनदा जादा घातला."

"जादा?"

"हादरतोय म्हंजी त्याला कमी पडतंय ना."

"पण बाहेरून तर कोरडा आहे."

"बाहेरून पुसून घेतो, लोकं बघतात. आतनं घातला. त्या टोकाला बारीक भोक हाय ना, तिथं कुप्पीची चोच बराबर बसते. त्यासाठीच ठेवलंय ना भोक?"

ते भोक आतली हवा तापून फुगली तर तिला वाट असावी म्हणून ठेवलेलं होतं. वर एक रबरी बूच होतं, ते त्याच्या खिशात होतं. शनिवारी लोक मारुतीला तेल घालतात, तसं दामूदादा शाफ्टला घालत होता. नुसतं पातळ तेल असतं तर फिरताना आत चारी बाजूंना सारखं पसरलं तरी असतं. पण राळ घालून उकळलेलं ते घट्ट तेल पंखा थांबला की जी बाजू खाली येईल तिथे ओघळून सायीसारखं बसायचं. पंखा दर वेळी वेगळ्या जागी थांबायचा, म्हणून जड बाजू दर वेळी वेगळी. आणि माझे वायसर तिच्यामागे पळत होते.

हे मी त्याला समजावून सांगितलं. या वेळी मुळीच सोपं न करता. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हंजी मीच?" तो म्हणाला. "मी तर त्याला सांबाळत व्हतो, भाऊ."

मला शनिवारी रात्रभर हसू येत होतं. आता येईना.

आम्ही दोघांनी शाफ्ट सोडवून खाली आणला आणि टोकाची झाकणी उघडून तो तिरका केला. काकवीसारखं घट्ट तपकिरी तेल धारेने बादलीत पडायला लागलं. मी मनाशी हिशेब केला. खरं सांगितलं तर शाफ्ट वाचेल, पण मशिनात परस्पर काहीतरी ओतलं म्हणून दामूदादा टॉवरवरून जाईल. न सांगावं तर शाफ्ट जाईल आणि त्याच्यापाठोपाठ दामूदादाही. म्हणून मी ठरवलं की आत ओल शिरली होती, असं सांगायचं. सगळा टॉवरच ओला, कुणाला संशय येणार?

वानखेडे साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच. "अरे बाप्पा! काय निघून राहिलं हे?"

"ओल, साहेब. वाफ असते ना, ती आत जाऊन साठली."

"ओलीला मासळीचा वास येते, राऊत?"

"खाडी जवळ आहे, साहेब."

"अन् हे मांजर काय पाणी प्यायला आलं?" बोका बादलीत तोंड घालून मिशा बरबटवत होता. मी त्याला हाकलला. त्याने तोंड वर केलं आणि माझी सगळी बाजू उघडी पाडली. साहेबांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "ते काही असो. आत ओल शिरते म्हणजे माल खराब. मी म्हणतच होतो. लावा लोखंडी."

ओल सांगताना ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी तोंड उघडलं, पण त्याआधी दामूदादा बोलला.

"साहेब, ह्याच्यात त्या काळ्याची चूक न्हाय. पानी न्हाय ते. माझं तेल हाय. मी घातलं."

"तू? कोणी सांगितलं होतं?"

दामूदादाने माझ्याकडे बघितलंही नाही. "कुनी न्हाय."

"मी सांगितलं, साहेब," मी म्हटलं. "होडीसारखाच समजा, असं मीच म्हणालो होतो."

वानखेडे साहेबांनी रुमाल खाली घेतला. "दोघं मिळून शाफ्टला फोडणी देऊन राहिले होते काय?" ते खरोखरच ओरडले. "माझा मोबाइल गेला, दामू! नारळाचं परमिट सही केलं मी! अन् तू तेव्हा हात जोडून उभा! का केलं हे?"

दामूदादाने शर्ट वर केला आणि कंबरेचा पट्टा दाखवला. घामाने काळा पडलेला, कडा उसवलेल्या.

"हा काळा गेला आसता तर मी बी गेलो आसतो, साहेब. लोखंडी उचलायला आता माझी कंबर न्हाय. कुनाला सांगितलं न्हाय. तुमाला बी सांगनार नव्हतो. पन त्याला खराब म्हनू नका. लय गुनाचा हाय तो."

साहेबांनी पट्ट्याकडे बघितलं, मग नजर दुसरीकडे वळवली. शर्ट खाली सोडण्याची त्यांनी हाताने खूण केली आणि मला विचारलं, "साफ होते का हे?"

"होतं, साहेब. भोकही कायमचं बंद करून टाकतो."

गरम पाणी आणि धुण्याचा सोडा आणून आम्ही आत-बाहेर धुतलं. साहेब ऑफिसला गेले नाहीत. तिथेच सावलीत खुर्ची टाकून बसले आणि एकदा नळीत डोकावून "अजून तिकडे राहिलंय" म्हणून जागाही दाखवली. मी माझे सगळे वायसर काढून टाकले, शाफ्ट टेकूच्या दोन लोखंडी घोड्यांवर ठेवून हाताने फिरवला. जिथे सोडावा तिथे थांबत होता, कुठलीच बाजू खाली ओढत नव्हती. फक्त वर नेऊन बसवायचा राहिला.

पोरं अजून आली नव्हती. दामूदादा एका टोकाला वाकायला लागला, तसे साहेब खुर्चीतून उठले. "थांब." बाह्या वर केल्या, दुसऱ्या टोकाशी गेले. पाय फाकवून उभे राहिले, दोन्ही हातांनी घट्ट पकड घेतली, श्वास रोखला आणि सगळं बळ लावून टोक उचललं.

ते इतक्या झटक्यात छातीशी आलं की साहेबांचा तोलच गेला. मी पुढे झालो, पण त्यांनी स्वतःला सावरलं. त्याच वेळी कोपऱ्यावरून पोरं आली. ट्रॉलीवर लोखंडी शाफ्ट, वर चेनपुली, दोघं ओढतायत, चौघं मागून रेटतायत, आणि त्यांची ती आरोळी. साहेब तिकडे बराच वेळ बघत राहिले. मग आपल्या हातातल्या टोकाकडे, मग दामूदादाकडे.

"एवढाच?" त्यांनी विचारलं.

"म्हनून तर, साहेब," दामूदादा म्हणाला आणि जिन्याची पहिली पायरी चढला.